दोन बोटं माया

माझ्या धाकट्या भावाला सगळे मीटर म्हणतात. नाव फौजेत पडलं आणि फौज सुटली तरी ते सुटलं नाही. त्यात पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचायची नोकरी मिळाली, म्हणजे लोकांच्या हाती आयतंच कोलीत. "मीटर आला मीटर बघायला," असं गल्लीतला प्रत्येक जण म्हणायचा आणि हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलंय अशा तोऱ्यात म्हणायचा. भाऊ हसायचा. त्याचं ते हसणं नुसतं दिसायचं, ऐकू यायचं नाही.

मी शिवणकाम करते. नवं फार कमी, जुनंच जास्त. सैल झालेलं आवळायचं, आवळ झालेलं सैल करायचं, लांब ते आखूड करायचं. पहिल्या मजल्यावर पुढच्या खोलीत माझं दुकान, मागच्या दोन खोल्यांत एकीत मी, एकीत तो. खालच्या दारापासून वरपर्यंत एकोणीस पायऱ्या आहेत. हे मला त्याच्यामुळे कळलं. नाहीतर बावीस वर्षं तो जिना चढल्यावर कोणी विचारलं असतं तर मी "पुष्कळ" एवढंच सांगितलं असतं.

तो मोजायचा. पलंगापासून नळापर्यंत नऊ, दारापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चारशे बारा. तोंडातल्या तोंडात, ओठ हलवत. मध्येच कोणी "काय, बरं आहे ना?" म्हटलं की आकडा सांडला. मग तो वळायचा, घरी यायचा, दाराला हात लावायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. एकदा सकाळी दूध आणायला गेला तो अकरा वाजता परत आला. वाटेत तीन माणसांनी त्याची विचारपूस केली होती. माणसं चांगली असली की किती ताप होतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी ओरडायचे त्याच्यावर. उगाच सोज्वळपणा कशाला आणू? "तुला काय जमिनीचे पैसे मिळतात का पावलामागे?" असं म्हणाले आहे मी त्याला, गिऱ्हाइकांसमोर. तो म्हणायचा, "नाही ताई." आणि खाली मान घालून खोलीत जायचा, पावलं मोजत.

त्याच्या मोजण्याचं कारण मला तो फौजेतून आल्यावर सात वर्षांनी कळलं, तेही माझ्या चुकीमुळे. एका गिऱ्हाइकाचा भारी कापडाचा कोट होता. बाही थोडी आखूड करायची होती. मी बोलता बोलता कात्री चालवली आणि माया न सोडता कापली. शिवणारे लोक शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढेमागे माणूस वाढला, माप चुकलं, तर उसवून सैल करता यावं म्हणून. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दोन बोटं माया सोडायचीच. आणि मी इतक्या वर्षांनी ती विसरले. बाही मनगटाच्या वर गेली. आता तिला कोणीच लांब करू शकत नव्हतं. मी कोट मांडीवर घेऊन स्वतःला वाट्टेल ते बोलत होते, आणि भाऊ दारात उभा होता.

"तुझी बाही चुकली," तो म्हणाला. "माझा मणी चुकला."

मग तो खाली बसला आणि त्याने सांगितलं.

त्यांच्या तुकडीत दोघं होते, मीटर आणि सुई. सुई म्हणजे ज्याच्या हातात होकायंत्र असायचं तो. तो पुढे चालून दिशा धरायचा, माझा भाऊ मागून पावलं मोजून अंतर धरायचा. धुक्यात, जिथे हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत, तिथे सगळी तुकडी या दोघांच्या भरवशावर चालायची. भावाच्या कमरेला एक दोरी असायची, तिच्यात मणी ओवलेले. शंभर मीटर झाले की एक मणी खाली सरकवायचा. त्या दिवशी अठराव्या मण्याला डावीकडे वळायचं होतं. त्याच्या पुढची जमीन सुरुंगांची होती, सगळ्यांना ते माहीत होतं.

सुईला नकला करायची हौस. त्याची आई शाळेत शिकवायची, फार कडक. सकाळी दहाचं दाट धुकं, सगळे घाबरलेले, आणि सुईने पुढून हळूच आईचा आवाज काढला, "कोण तो मागे पाय घासत चालतोय? उचलून टाक. जमीन सरकारची आहे, तुझ्या बापाची नाही." माझा भाऊ हसला. तोंड दाबून, पण पोट धरून हसला. त्या हसण्यात एक मणी सरकवायचा राहिला. बोटाखाली सतरा मणी होते आणि पायाखाली अठरा झाले होते. ते आणखी शंभर मीटर पुढे चालले. सुई पुढे होता.

चौकशीच्या कागदावर 'दाट धुके' एवढंच लिहिलं गेलं. भावाने कोणाला काही सांगितलं नाही. दोरी त्याने ठेवून घेतली. आणि तेव्हापासून त्याने एकही पाऊल न मोजता टाकलं नव्हतं.

मी त्याला ओरडलेलं सगळं मला आठवलं. एकेक वाक्य. मला वाटलं, जीभ हासडून टाकावी.

याच्या तीन-चार महिन्यांनी एक बाई बारा पाठपिशव्या घेऊन दुकानात आल्या. सगळ्यांचे पट्टे दुहेरी शिवून हवे होते. त्या फौजेतल्या निवृत्त नर्स. एक गुडघा अधू, आवाज मात्र मैदानात परेड घ्यावी असा. त्या दरवर्षी फौजेतून परतलेल्या माणसांना घेऊन डोंगरातली लांब वाट चालायच्या. एक्केचाळीस दिवस, जवळजवळ सातशे किलोमीटर. ज्यांना घरी झोप येत नाही, ज्यांना दार वाजलं की घाम फुटतो, अशी माणसं.

"चालून काय होणार?" मी म्हणाले. "पोस्टमन जन्मभर चालतो. तो कुठे साधू होतो?"

"आणि घरी बसून काय झालं, ते सांगा की," त्या म्हणाल्या.

पट्टे शिवता शिवता मी त्यांचं ऐकत राहिले. त्या म्हणाल्या, समोरासमोर बसवलं की ही माणसं दगड होतात. शेजारी शेजारी चालताना बोलतात, कारण कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात नुसते पाय दुखतात. दुसऱ्या आठवड्यात जेवण जातं. तिसऱ्यात झोप येते. पुढचं ज्याचं त्याच्यावर.

त्यांनी टेबलावर नकाशा पसरला होता. भाऊ चहा घेऊन आला आणि कप हातात तसाच धरून नकाशाकडे बघत उभा राहिला. अडतिसाव्या दिवसाच्या मुक्कामाच्या गावावर त्याने बोट ठेवलं. ते सुईचं गाव होतं. सुईची आई अजून तिथेच राहत होती, मुलीजवळ.

"मी येतो," तो म्हणाला.

मी म्हणाले, "अरे, त्यांना भेटायचं तर बस आहे. सहा तासांत पोचशील."

"बसमध्ये बसून तिथे जाता येणार नाही मला, ताई."

त्याने सुईच्या आईला पत्र लिहिलं. चार ओळींसाठी चार दिवस घेतले. उलट टपाली उत्तर आलं, शाळेच्या बाईंच्या अक्षरात, सरळ ओळीत. 'ये. घाईने येऊ नकोस, पाय सांभाळ. मला एकच विचारायचं आहे. तो शेवटी काय बोलत होता?' भावाने ते पत्र घडी करून खिशात ठेवलं. आपण आईची नक्कल ऐकून हसलो आणि त्या हसण्यात तिचा मुलगा गेला, हे त्याला तिला सांगायचं होतं. तेवढ्यासाठी तो सातशे किलोमीटर चालणार होता.

तो बुधवारी निघाला. मी त्याच्या पिशवीचे पट्टे तिहेरी शिवले होते. जिना उतरताना तो मोजत होता, मी वरून ऐकत होते.

नर्सबाईंचा नियम होता की फोन सगळे त्यांच्याजवळ जमा. फक्त रविवारी, विसाव्याच्या दिवशी, घरी बोलायचं. पहिल्या रविवारी भाऊ म्हणाला, पायाला फोड आलेत. दुसऱ्या रविवारी म्हणाला, "सगळे मलाच विचारतात, मीटर, किती झालं? मी सांगतो. बरोबर असतं." त्याच्या आवाजात जरा ऐट होती, मी किती वर्षांनी ऐकली. तिसऱ्या रविवारी म्हणाला, झोपलो, सलग सहा तास.

बाविसाव्या दिवशी, बुधवारी दुपारी, सुईच्या बहिणीचा फोन आला. भावाने पत्रात माझा नंबर दिला होता. ती म्हणाली, "आईला बरं नाही. डॉक्टर म्हणतात, महिनाभर तरी काढेल. पण ती सारखी विचारते, तो चालत येणारा कुठवर आला? तुम्ही त्यांना कळवाल का? लवकर येता आलं तर बरं."

मी म्हणाले, "कळवते."

मी खरंच कळवणार होते. नर्सबाईंचा नंबर काढून बसले होते. मग वाटलं, रविवारी तो बोलेलच, तेव्हा त्यालाच सांगू. रविवारी फोन वाजला आणि मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "ताई, ऐक. काल मी मोजायचं विसरलो."

"म्हणजे?"

"विसरलो. एक जण त्याच्या मुलीबद्दल सांगत होता, मी ऐकत होतो. मग बघतो तर आम्ही तलावाशी पोचलेलो. दोन तास ताई. दोन तास मी एकही पाऊल मोजलं नाही. आणि काही झालं नाही. कोणालाच काही झालं नाही." तो हसला. या वेळी मला ऐकू आलं.

माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी गिळलं. आता सांगितलं तर हा बस पकडणार. बसमध्ये मैलाचे दगड मोजत बसणार, धापा टाकत तिच्या दारात जाणार, जसा होता तसाच. उरले होते बारा दिवस. डॉक्टरांच्या महिन्यातले चार गेले होते. म्हणजे तो पोचूनही चौदा दिवस हातात उरत होते. मी दर्जीण आहे, मापाशिवाय काही करत नाही. मी मोजलं, आणि वर चौदा दिवसांची माया सोडली. मला ती भरपूर वाटली.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, सुईच्या आईला रोज एक कार्ड टाकतो. मी म्हणाले, छान. सुईच्या बहिणीचा पुन्हा फोन आला नाही. मी समजले की सगळं ठीक आहे. ती काय समजली असेल, हे मी विचारात घेतलं नाही.

अडतिसाव्या दिवशी, शुक्रवारी, मी सकाळपासून फोन शिलाई मशीनवर ठेवला होता. दुपारी वाजला. नर्सबाई होत्या. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

"तो पोचला," त्या म्हणाल्या. "आई मंगळवारी गेल्या."

माझ्या हातातला कपडा कोणाचा होता, मला आठवत नाही. मी विचारलं, "त्याने काय केलं?"

नर्सबाईंनी सांगितलं. सुईच्या बहिणीने दार उघडलं आणि पहिलंच वाक्य बोलली, "तुम्हाला निरोप मिळाला नाही का? मी तुमच्या ताईंना फोन केला होता." तिने त्याला आत नेलं. आईच्या खोलीत भिंतीवर नकाशा होता, शाळेतला, मोठा. आईने त्याच्या प्रत्येक कार्डाच्या गावी एक टाचणी टोचली होती आणि टाचणीवरून टाचणीवर लाल दोरा नेला होता. शेवटच्या दोन टाचण्या मुलीने टोचल्या होत्या, आई पलंगावरून बोट दाखवत होती. दोऱ्याचं रीळ खाली लोंबत होतं.

मग स्वयंपाकघरात त्याने त्या बहिणीला सगळं सांगितलं. धुकं, मणी, हसणं. ती कप विसळत होती, विसळतच राहिली. शेवटी म्हणाली, "कसा आवाज काढायचा तो आईचा? काढून दाखवा." भावाने काढून दाखवला. पाय उचलून टाक, जमीन सरकारची आहे. ती हसली, खूप हसली, नळ तसाच सोडून. मग म्हणाली, "हे आईला सांगायला हवं होतं हो. ती काही रागावली नसती. तिला एवढंच हवं होतं."

"तो घरी येतोय का?" मी विचारलं.

"उरलेले तीन दिवस चालणार म्हणतो," नर्सबाई म्हणाल्या. "बाई, तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी त्याला गाडीने नेला असता आणि दुसऱ्या दिवशी परत वाटेवर आणून सोडला असता."

हे मला सुचलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती. मी त्या बाईंना एक फोन केला असता, तर दोन्ही झालं असतं. मी मात्र एकटीनेच माप घेतलं, एकटीनेच कापलं.

ते तीन दिवस मी दुकान उघडलं नाही. तो येईल का, हेच मला कळत नव्हतं. आला तर काय बोलेल, याची मी शंभर वाक्यं तयार केली आणि प्रत्येकाला स्वतःचं एकेक उत्तर. सगळी उत्तरं खोटी वाटली, कारण सगळ्यांची सुरुवात 'तुझ्या भल्यासाठी' अशी होत होती.

मंगळवारी दुपारी खालचं दार वाजलं. जिन्यात पावलं ऐकू आली. मी कान देऊन ऐकलं. मोजण्याचा आवाज नव्हता. नुसती पावलं, थकलेली, एकसारखी.

तो काळवंडला होता, वाळला होता, आणि ताठ होता. पिशवी त्याने खाली ठेवली. पट्टे शाबूत होते. तो माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला, जिथे गिऱ्हाइकं बसतात.

"किती दिवस माहीत होतं तुला?" त्याने विचारलं.

"सोळा," मी म्हणाले. "तू पोचायच्या आधी सोळा."

"मोजले होतेस?"

"हो."

तो मान हलवत राहिला. मी म्हणाले, "मला वाटलं वेळ आहे. तू त्या दिवशी हसलास फोनवर. मला वाटलं, आता याला हलवायचं नाही." आणि मग मला रडू फुटलं, मला ज्याचा राग आहे तसलं, नाक वाहणारं. मी त्याची माफी मागितली. तो उठला नाही, जवळ आला नाही. त्याने मला रडू दिलं.

मग म्हणाला, "मी हसलो की माझा मणी चुकला. मी हसलो की तुझाही चुकला. मी आपला हसायलाच नको."

"असं म्हणू नकोस रे."

"नाही म्हणत," तो म्हणाला. "वाटेत म्हणत होतो. तीन दिवस. मग तेही म्हणायचं सोडलं."

त्याने खिशातून दोरी काढली. मणी झिजून गुळगुळीत झाले होते. माझ्या टेबलाचा खण त्याने उघडला, जिथे माझा टेप, खडू, सुयांचं पाकीट असतं, आणि दोरी आत ठेवली. रागाने नाही. एखादी वस्तू तिच्या जागी ठेवावी तशी.

"आता ही तुझ्याकडे राहू दे," तो म्हणाला आणि तोंड धुवायला आत गेला.

त्याला वर्ष झालं. तो माझ्याशी बोलतो, जेवतो, कधी माझी चेष्टाही करतो. पाणीखात्याचं काम पुन्हा वेळेवर करतो. या वर्षीही तो नर्सबाईंबरोबर गेला होता, आता त्यांच्या हाताखालचा माणूस म्हणून. सुईच्या बहिणीकडे जाऊन आला. तो नकाशा तिने अजून काढलेला नाही. मला त्याने त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्द विचारला नाही. त्याने विचारावं, ओरडावं, असं मला किती वाटतं, ते त्याला सांगायची माझी हिंमत नाही.

मी हल्ली कापड कापताना चार बोटं माया सोडते. गिऱ्हाइकं तक्रार करतात, आतून जाड लागतं म्हणतात.

संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा मी मशीन थांबवते. तो जिना न मोजता चढतो, कधी शीळ घालत, कधी कोणाशी फोनवर बोलत. एकोणीस पायऱ्या आहेत. मी मोजते.